डोस वाढला, भ्रूण तगला!

ऑस्कर हर्टविग यांनी 1911 च्या सुमारास बर्लिनमध्ये बेडकाच्या शुक्राणूंवर रेडियमचे किरण सोडले आणि ते साध्या अंड्यांशी मिळवले. डोस वाढवला तसे भ्रूण बिघडत, मरत गेले. इथवर अपेक्षितच. पण आणखी वाढवल्यावर ते चक्क जास्त तगू लागले!

कारण भन्नाट आहे. मध्यम माऱ्यात तुटकी गुणसूत्रं अंड्याच्या प्रत्येक विभाजनात घोळ घालतात. जबर माऱ्यात ती पुरती निकामी होतात. शुक्राणू अंड्याला फक्त जागं करतो, पुढचा कारभार एकट्या आईच्या गुणसूत्रांचा. (संच एकच, म्हणून पिल्लं अशक्तच.)

मत्स्यपैदाशीत आजही हीच युक्ती वापरतात: शुक्राणूंवर अतिनील किरण, मग अंड्यांना तापमानाचा झटका देऊन गुणसूत्रं दुप्पट. कार्पमध्ये अशी सगळी पिल्लं माद्याच निघतात.