विदर्भाचा क्रिकेट संघ : हंगामारंभीची नजर-आणेवारी

आमच्या जानेफळच्या पंचक्रोशीत ऑक्टोबर महिना उजाडला म्हणजे दोन हंगामांची चर्चा एकदमच सुरू होते. एक सोयाबीनचा, दुसरा रणजी करंडकाचा. सोयाबीन निघून वावर मोकळे झाले की त्याच वावरात मुले तीन काठ्या रोवून खेळू लागतात, आणि बांधावर बसलेली वडील मंडळी ‘यंदा एकरी उतारा काय पडेल’ या प्रश्नाबरोबरच ‘यंदा आपला विदर्भ कुठवर जाईल’ हाही प्रश्न सोडवू लागतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने दिली जातात. पहिल्या सामन्यात विजय मिळाला तर करंडक नागपुरास आलाच, आणि पराभव झाला तर संघ बुडालाच, असा निकाल पहिल्या आठवड्यातच लागतो. असा निकाल देणे कितपत योग्य, आणि हंगामाच्या आरंभी संघाची पारख करावयाची तर ती कोणत्या खुणांवरून करावी, याचा थोडा विचार या लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम शेतीचेच उदाहरण घेऊ. पिकाची आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, सरकार एकदाच ठरवीत नाही. आमच्या भागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. एकाच पिकाचा अंदाज तीन वेळा कशासाठी? कारण सप्टेंबरात जे दिसते ते बहुतांशी हिरवे पान असते. शेंग भरली की नाही, बोंड फुटले की किडले, तूर धुक्यात सापडली की वाचली, हे पुढचे दिवसच सांगतात. म्हणून पहिला अंदाज निरर्थक ठरत नाही. तो फक्त पहिला अंदाज आहे एवढे ध्यानात ठेवावे लागते. संघाविषयीचे मतही याच रीतीने बांधावे, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या संघाचा पूर्वेतिहास पाहू. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्या काळी हा प्रदेश मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाने ओळखला जाई व त्याच नावाचा संघ या स्पर्धेत खेळे. पुढे १९५७-५८ पासून विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून उतरू लागला. त्यानंतर सुमारे साठ वर्षे या संघास उपांत्य फेरीचे दर्शनही घडले नाही. मोठ्या संघांनी येऊन गुण घेऊन जावेत आणि आम्ही त्यांच्या नामांकित खेळाडूंचा खेळ पाहून समाधान मानावे, असा तो काळ होता. २०१७-१८ च्या हंगामात मात्र फैज फझल याच्या नेतृत्वाखाली व चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने इंदूर येथे दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला आणि करंडक प्रथमच जिंकला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूर येथे सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात करून तो राखला. मार्च २०२४ मध्ये मुंबईकडून अंतिम सामन्यात १६९ धावांनी हार पत्करावी लागली; परंतु मार्च २०२५ मध्ये केरळाविरुद्ध तिसरे विजेतेपद मिळाले. ज्या संघास कोणी गणतीत धरीत नसे, त्याने आठ हंगामांत चार वेळा अंतिम सामना गाठला. पहिल्या अंदाजावर किती विसंबावे याचे उत्तर या इतिहासातच आहे.

मत बांधण्यापूर्वी स्पर्धेचा हिशेब ठाऊक असला पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामात वरच्या श्रेणीतील ३२ संघांचे आठ-आठांचे चार गट होते. प्रत्येक संघास सात साखळी सामने, आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत. सामना निर्णायकपणे जिंकल्यास ६ गुण. एक डाव राखून अथवा दहा गडी राखून जिंकल्यास ७. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास ३ व मागे पडणाऱ्यास १. याचा अर्थ असा की, सातही सामन्यांत केवळ आघाडी घेणारा संघ २१ गुणांवर थांबेल, तर चार सामने निर्णायकपणे जिंकणारा संघ उरलेले तीन हरूनही २४ गुण मिळवील. म्हणून जो संघ प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करू शकतो तोच पुढे जातो. हंगामारंभी कोणाच्या शतकाने आपण हुरळून जातो. परंतु आपल्या गोलंदाजांनी चार दिवसांत वीस गडी घेतले काय, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो.

दुसरी खूण धीराची. एका सत्रावरून सामन्याची आणि एका सामन्यावरून हंगामाची परीक्षा करू नये, याचा उत्तम दाखला फेब्रुवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात मिळाला. केरळाने विदर्भास प्रथम फलंदाजीस बोलाविले आणि सकाळीच विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली. त्या घडीस जो प्रेक्षक मैदान सोडून गेला असेल त्याच्या लेखी सामना संपला होता. पण त्यानंतर दानिश मालेवार व करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ धावा काढल्या आणि विदर्भाचा डाव ३७९ पर्यंत गेला. केरळाचा डाव ३४२ धावांवर आटोपला. सामना अनिर्णित राहिला व ३७ धावांच्या त्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. याहून कठीण प्रसंग २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात आला होता. कोलकात्यास कर्नाटकाविरुद्ध विदर्भ पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडला होता. तरीही रजनीश गुरबानी याच्या गोलंदाजीच्या बळावर अखेर ५ धावांनी जिंकला. त्या सामन्यात गुरबानीने १२ गडी बाद केले.

तिसरी खूण अशी की, संघाचे नाव तेच राहते, माणसे बदलतात. हंगामारंभी आपण गतवर्षीच्या संघाची कीर्ती यंदाच्या संघाच्या खात्यावर मांडतो आणि तेथे हिशेब चुकतो. फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ गडी बाद करून सौराष्ट्रास लोळविणारा आदित्य सरवटे हा २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळाकडून विदर्भाविरुद्ध खेळला व त्याने ७९ धावाही केल्या. उलटपक्षी, २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध १४५ धावा करणारा ध्रुव शोरे पुढे विदर्भाच्याच बाजूने फलंदाजीस उतरू लागला. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी करुण नायर आपल्या मूळ कर्नाटकाकडे परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. यात कोणी रागावण्याचे कारण नाही. नोकरीनिमित्त पुण्यास गेलेल्या मुलास गाव जसे दोष देत नाही, तसेच हे आहे. मात्र आणेवारी करताना जे पीक शेतात उभे आहे तेवढेच मोजावे, गतवर्षी विकलेले मोजू नये.

चौथी खूण ऋतूची. २०२४-२५ पासून साखळी सामन्यांचे दोन भाग करण्यात आले. पहिले पाच सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मध्ये मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि उरलेले दोन साखळी सामने जानेवारीत. ऑक्टोबरच्या उन्हात वेगवान गोलंदाज लवकर दमतो. जानेवारीत सकाळच्या थंडीत व दमट खेळपट्टीवर तोच गोलंदाज दोन तास सामना फिरवू शकतो. शिवाय मधल्या दोन महिन्यांत खेळाडूंची लय बदलते, कोणी जायबंदी होतो, कोणास भारतीय संघाचे बोलावणे येते. म्हणून नोव्हेंबरात गुणतक्त्याच्या माथ्यावर असलेला संघ जानेवारीत तसाच राहील असे धरून चालता येत नाही.

या चार खुणा ध्यानी धरून येत्या हंगामाविषयी आमची नजर-आणेवारी अशी आहे. फिरकी गोलंदाजीस आम्ही चौदा आणे देतो. हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने २०२४-२५ च्या एका हंगामात ६९ गडी बाद केले आणि बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ गड्यांचा २०१८-१९ चा विक्रम मोडला. असा गोलंदाज उपलब्ध असेल तोवर वीस गड्यांची चिंता निम्मी होते. मात्र भारतीय संघाने त्यास बोलाविले तर हे चौदा आणे किती उरतील, हाही विचार करावा लागतो. मधल्या फळीस बारा आणे. यश राठोडने त्याच हंगामात ९६० धावा काढल्या व स्पर्धेत सर्वांत पुढे राहिला. यष्टिरक्षक अक्षय वाडकर यासही या हिशेबात मानाचे स्थान आहे. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात त्याने १३३ धावा केल्या, आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात पराभव समोर दिसत असता कर्णधार या नात्याने १०२ धावा केल्या. वर्षभराने त्याच्याच नेतृत्वाखाली करंडक परत आला. वेगवान गोलंदाजीस मात्र आम्ही नऊ आण्यांपेक्षा अधिक देण्यास धजत नाही. गुरबानी व उमेश यादव यांनी जी धार एकेकाळी दिली, तिची भरपाई एकाच गोलंदाजाकडून होईल असे दिसत नाही. ज्या वर्षी जानेवारीच्या थंडीत दोन वेगवान गोलंदाज एकाच वेळी तयार असतील, त्या वर्षी विदर्भास रोखणे कठीण; एरवी बाद फेरीत पोहोचणे हेच चांगले पीक मानावे.

विद्यार्थी मित्रहो, या संघाकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विदर्भाचा संघ म्हणजे केवळ नागपूर नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेष भारताचा ९३ धावांनी पराभव करून विदर्भाने इराणी चषक तिसऱ्यांदा जिंकला, त्या सामन्यात पहिल्या डावात १४३ धावा काढणारा अथर्व तायडे हा आपल्या शेजारच्या अकोल्याचा. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात ज्याने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले तो आदित्य ठाकरेही अकोल्याचाच. अकोला आमच्यापासून दूर नाही. तथापि अंतर कोसांत मोजून भागत नाही. सपाट खेळपट्टी, कातडी चेंडूचा सराव, जाणता शिक्षक आणि सामन्यासाठी प्रवासाचा खर्च, या चार गोष्टींवाचून मोकळ्या वावरातला हात मैदानापर्यंत पोहोचत नाही. जानेफळ-मेहकरच्या बाजूचा एखादा मुलगा या संघात का दिसत नाही, असे विचारणाऱ्या पालकांनी या चारांपैकी आपल्या गावी कोणती गोष्ट आहे हे प्रथम पाहावे. मुलांत गुण नाहीत असा निष्कर्ष तोवर काढू नये.

पालकांपाशी आमचे आणखी एक मागणे आहे. अलीकडे मुलांच्या हाती असलेल्या यंत्रावर सामन्याचा अंदाज वर्तवून पैसे मिळविण्याची आमिषे सुटीच्या दिवशीही त्यांचा पिच्छा सोडीत नाहीत. जो अंदाज शेतकरी तीन वेळा तपासूनही छातीठोकपणे सांगत नाही, तो घटकाभरात बांधून त्यावर घरचा पैसा लावणे हा सरळ जुगार होय. मत असावे, ते मांडावे, त्यासाठी मित्राशी भांडावेही. पण त्यावर पैसा लावू नये.

मग हंगामारंभी मत देऊच नये काय? अवश्य द्यावे. मत न देणारा प्रेक्षक म्हणजे पेरणी न करता आभाळाकडे पाहणारा शेतकरी. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सामन्यापूर्वी आपले मत कारणांसह वहीत लिहावे. पाच सामने झाल्यावर त्याखाली सुधारित मत लिहावे. आणि स्पर्धा संपल्यावर अंतिम निकाल मांडून आपली कोणती कारणे टिकली व कोणती केवळ संघावरच्या प्रेमापोटी सुचली होती, हे ताडून पाहावे. संघ जिंको वा हरो, अशा वहीतून निरीक्षण, हिशेब आणि सत्यनिष्ठा हे तीन धडे मिळतील, व ते परीक्षेतही उपयोगी पडतील. येत्या ऑक्टोबरात ज्यांना ही वही सुरू करावयाची असेल त्यांनी पहिल्या पानावर आमची वर दिलेली आणेवारी उतरून घ्यावी आणि शेजारी आपली मांडावी. कोणाची खरी ठरते ते उन्हाळा लागण्यापूर्वी कळेलच.