तेरवीनंतरचं दुःख

यवतमाळला ११ जानेवारी २०१९ रोजी ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं, त्याचं उद्घाटन एका अंगणवाडी मदतनिसाने केलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यामुळे महाराष्ट्रभर गदारोळ उठला होता, कित्येक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली होती. अशा वेळी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांचं नाव पुढे आलं. त्यांच्या पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की आपल्या नवऱ्याचा पुनर्जन्मावर विश्वास होता, आपला नाही. याच जन्मात झगडायचं आहे. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, हेही त्यांनी ऐकवलं. मांडवातल्या साहित्यिकांना ते भाषण बराच काळ आठवत राहिलं.

खेड्यातली एक बाई अचानक माईकसमोर आणून उभी केली, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. तसं नव्हतं. वैशालीताई त्याआधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक वर्ध्याच्या अध्ययन भारतीने रंगभूमीवर आणलं. त्यात कामं करणाऱ्या बाया आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. ज्यांच्या घरात तेरवी झाली, त्याच बाया प्रेक्षकांसमोर ती गोष्ट मांडायला उभ्या राहिल्या. पुढे याच विषयावर त्याच नावाचा चित्रपटही आला.

आपलं माणूस गेल्यावर मन कशात तरी रमवा, असा सल्ला सगळेच देतात. चित्र काढा, वही लिहा, बाग लावा. सल्ला वाईट नाही. पण यवतमाळच्या वावरातल्या बाईला तो द्यायचा, तर आधी तिच्या दुःखाचं काय होतं ते बघावं लागेल.

माणूस गेला की घरी पहिल्यांदा येतो तो पंचनामा. पोलीस पाटील, तलाठी, शवविच्छेदनाचा अहवाल. मग प्रश्न सुरू होतात. सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचं की सावकाराचं? सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना होता का? थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता का, नापिकी होती का? या उत्तरांवर तालुक्यातून जिल्ह्यापर्यंत फाइल फिरते आणि एक शेरा बसतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पात्र ठरलं तर १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, ही रचना २००६ पासूनची. अपात्र ठरलं तर काहीच नाही. म्हणजे नवरा का गेला, हे ठरवण्याचा अधिकारही तिच्या हातून निसटतो. अजून डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसतं, तोच तिला नवऱ्याचं मरण कागदावर सिद्ध करावं लागतं.

घरातली चौकशी त्याहून कठीण. तू काय बोलली होतीस त्याला? आदल्या रात्री भांडण झालं होतं का? आजारपणाने किंवा अपघाताने माणूस गेला तर गाव भेटायला येतं. आत्महत्या असेल तर गाव कुजबुजतं. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ आत्महत्येनंतरच्या शोकाचा वेगळा विचार करतात तो यामुळेच. दुःखाच्या जोडीला लाज येते, आपलंच काही चुकलं असेल ही टोचणी येते, सोडून गेलेल्याचा राग येतो, आणि यातलं काहीही उघड बोलायची सोय नसते.

यवतमाळ जिल्ह्याला हे दुःख नवं नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवलं. महाराष्ट्रातली जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. तिची आठवण म्हणून किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब यांच्या पुढाकाराने २०१७ पासून दर १९ मार्चला लोक दिवसभर अन्नत्याग करतात. शहरात नोकरी करणारी शेतकऱ्यांची मुलंही त्यात असतात. अन्न पिकवणाऱ्याच्या मरणाचा शोक अन्न सोडून करायचा, ही कल्पना साधी आहे आणि तिला खर्च काहीच नाही. आपल्याकडच्या सार्वजनिक शोकाचं इतकं चपखल रूप मी दुसरं पाहिलेलं नाही.

नाटकाने नेमकं काय होतं, याकडे वळू. रंगमंचावर बाई आपलीच गोष्ट सांगते, पण ती पात्राच्या तोंडून. वाक्यं ठरलेली असतात, जागा ठरलेली असते, आणि प्रवेश कुठे संपणार ते तिला माहीत असतं. खऱ्या आयुष्यात तो दिवस आला तेव्हा यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. शिवाय नाटक एकटीने होत नाही. समोर दीर म्हणून, सासू म्हणून, सावकार म्हणून दुसरीच एखादी उभी असते, आणि तिच्या घरातही तेच घडलेलं असतं. खऱ्या दिराला जे कधी बोलता आलं नाही, ते तालमीत पुन्हा पुन्हा, अगदी सूर लागेपर्यंत बोलता येतं. शेवटी प्रेक्षक असतात. गावाने जे ऐकून घेतलं नाही, ते तिकीट काढून आलेली माणसं गुपचूप बसून ऐकतात.

शोकाबद्दल नेदरलंड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली. माणूस दुःखातून पायऱ्या चढल्यासारखा बाहेर येत नाही, तो ये-जा करत राहतो. सकाळी हंबरडा फोडतो, दुपारी मुलाची फी भरायला जातो, रात्री पुन्हा फोटोसमोर बसतो. ही ये-जा म्हणजेच सावरणं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे बाई हसली की ‘विसरली वाटतं’ आणि रडली की ‘किती दिवस रडशील’. दोन्हीकडून तिची ये-जा अडवली जाते. तालमीला जाणाऱ्या बाईला मात्र एकाच संध्याकाळी रडताही येतं आणि मैत्रिणींबरोबर डबा उघडून हसताही येतं.

लिहिण्याबद्दलही थोडं खरं सांगायला हवं. मनातलं कागदावर उतरवल्याने तब्येतीला फायदा होतो, असं अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगातून दाखवलं आणि तेव्हापासून ‘लिहा म्हणजे मोकळं व्हाल’ हा मंत्र झाला. पण जोडीदार गमावलेल्या माणसांवर स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात, नुसतं लिहिल्याने माणसं लवकर सावरतात असं आढळलं नाही. मला यात नवल वाटत नाही. वही ऐकून घेते, पण उत्तर देत नाही. कलेइतकंच समोर कोणीतरी असणं मोलाचं, असं माझं मत हे नाटक आणि आपली जुनी रीत पाहून झालं आहे.

आपल्या बाया जात्यावर बसून हेच करत आल्या. मेलेल्या भावाबद्दल, गेलेल्या आईबद्दल, सासरच्या जाचाबद्दल त्या ओवीतून बोलत. एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं अडगळीत गेलं, कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण दोघींनी समोरासमोर बसून दुःख गायची जागाही त्याबरोबर गेली. शेजारच्या मेळघाटात कोरकू माणसं गेलेल्याच्या आठवणीसाठी लाकडी खांब कोरून उभा करतात, त्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार असतो. विदर्भातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं आहेत, आणि दरवर्षी मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसं एकाच वेळी मौन पाळून उभी राहतात. पोळ्याला तोरणाखाली पुरुष झडत्या म्हणतात, त्यांत सरकारपासून सावकारापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. गड्यांना राग बोलून दाखवायला वर्षातून निदान एक दिवस मिळतो. बाईला तोही नाही.

तिच्याकडे असतो शर्ट. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर किंवा पातळावर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवतात, म्हणजे पऱ्हाटीच्या काड्या आणि बोंडाची टोकं हातांना ओरबाडत नाहीत. तो शर्ट बहुधा घरच्या गड्याचा. गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावेत, असं सांगतात. तरी एखादा शर्ट ठेवून घेतला जातो, कामाला लागतो म्हणून. वेचणीच्या दिवसांत कोपरावर विरलेल्या, गुंड्या बदललेल्या त्या शर्टात बाई दिवसभर वावरात वाकलेली असते. विटून गेला की त्याच्या चिंध्या गोधडीत जातात, धावदोऱ्याखाली, मुलांच्या अंगावर. याला कोणी कला म्हणत नाही. मी म्हणेन.

अशाच चिंध्यांनी चिलीमध्ये इतिहास लिहिला. १९७३ मध्ये पिनोशेची लष्करी राजवट आली, हजारो माणसं उचलली गेली आणि त्यातली कितीतरी कधीच परतली नाहीत. त्यांच्या बायका-आया चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवू लागल्या. घर, डोंगर, आणि दारात ‘ते कुठे आहेत’ असं विचारणारी बाई. काही तुकडे तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे असत. ती कापडं गुपचूप देशाबाहेर गेली, विकली गेली, त्यावर घरं चालली, आणि जगाला कळलं. तिथेही एकीने घरी बसून शिवलं असतं तर ते नुसतं विणकाम-भरतकाम राहिलं असतं.

पण एक धोका मला स्पष्ट दिसतो. दुःखी बाईने नाटक केलं, गाणं म्हटलं, आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि घरी गेलो, एवढ्यावर हे थांबू शकतं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींचा अभ्यास केला, तेव्हा ४० टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. जी जमीन त्या कसत होत्या, ती सातबाऱ्यावर सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावे. कोणत्याही कलेने ही जखम भरणार नाही. ती तलाठ्याच्या दप्तरातच भरावी लागेल. वैशाली येडे संमेलनानंतर थांबल्या नाहीत, त्याच वर्षी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून प्रहार पक्षाच्या उमेदवार म्हणून लोकसभा लढल्या, हे मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. त्या हरल्या. पण मंचावर सापडलेला आवाज कुठे न्यायचा, हे त्यांना कळलं होतं.

गावही बरंच करू शकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींसाठी आदर्श म्हणून पुढे ठेवला. ठराव कागदावरचा असतो, मान्य. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बाईच्या घरी आमंत्रण देण्यासाठी ठरावाची गरज नाही. बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास हिशेब बाजूला ठेवून तिला नवऱ्याबद्दल बोलू द्यायला अनुदान लागत नाही. तो कसा गेला हे विचारू नका. तो कसा होता ते विचारा: कोणतं बियाणं आवडायचं, बैलांना काय हाका मारायचा, पोरीला काय म्हणायचा. पहिल्यांदा ती रडेल. रडू द्या.

आणि काहींना याने भागत नाही, हेही ध्यानात असू द्या. सहा महिने उलटूनही माणूस अंथरुणातून उठत नसेल, जेवत नसेल, किंवा कधीही जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला भजनाची किंवा भरतकामाची नव्हे, उपचारांची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या अशा शोकाची आजार म्हणून नोंद केली आहे. आशाताईंना सांगा, त्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत पोचवतात. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक अंगणवाडीच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.