वैशाखातला माळ

भाद्रपदात कासच्या पठारावर गाड्यांची रांग लागते. वायतुरा, सीतेची आसवं, धनगर गेंद, सोनकी ही नावं आता शाळकरी पोरांनाही पाठ झाली आहेत. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांमध्ये कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि साताऱ्याच्या पठारांना मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच जिल्ह्यात, पुणे-बंगळुरू महामार्गावरच्या उंब्रजला उतरून चाफळ-तारळ्याकडच्या माळांवर एप्रिल-मे महिन्यात हिंडणारा माणूस मला क्वचितच भेटला. भेटतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे. बाकीच्यांच्या लेखी तो माळ त्या दिवसांत मेलेला असतो.

तो मेलेला नसतो, एवढंच मला सांगायचं आहे. ते पाहायची सुरुवात उंब्रज गावातूनच करता येते.

समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आपली रीत. ही रुई भर उन्हात, पाण्याच्या थेंबावाचून, बांधाला आणि माळाच्या कडेला हिरवीगार उभी असते आणि फुलतेही. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, म्हणून जनावरं तिला तोंड लावत नाहीत. आता एखादं पान हलकेच उलटून पाहा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली, तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. ही अळी आधी पानाची शीर कुरतडते. शीर तुटली की चिकाचा ओघ थांबतो, मग ती निवांत खाते. खाताना पोटात गेलेलं विष ती साठवून ठेवते आणि पुढे ते फुलपाखराच्याही अंगात राहतं. नारिंगी पंखांचा हा कडवा म्हणून तर माळावर संथ, बिनधास्त उडतो. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पावसाळ्यानंतर छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी दिसते. तिच्या अंगात विष नाही, पण रूप हुबेहूब कडव्याचं, त्यामुळे ती वाचते. तिची अळी वाढते आपल्या भाजीतल्या घोळीवर. रुईच्या फुलावर घोंघावणारा मोठा काळा भुंगाही थांबून बघावा. रुईचे परागकण सुटे नसतात, पुडीसारखे बांधलेले असतात. ती पुडी या फुलावरून त्या फुलावर नेण्याचं काम मुख्यतः हा भुंगा करतो.

गावाशेजारी तारळी नदी कृष्णेला मिळते. तारळीच्या काठाने वर गेलं की पालचा खंडोबा. पौषातल्या खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची जत्रा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खंडोबा धनगरांचा देव, त्याची बाणाई धनगराची लेक. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने दख्खनच्या पशुपालकांच्या देवांवर आयुष्यभर काम केलं. देव, मेंढपाळ आणि गवताळ मुलूख यांचं नातं त्यांनी जितक्या आस्थेने मांडलं, तितकं आपल्याकडच्या फार थोड्यांनी मांडलं असेल. पालच्या भंडाऱ्याचा रंग बघताना मला नेहमी वाटतं, हा देव इथे आहे, कारण इथे गवत आहे.

ते गवत वैशाखात वाळून सोनेरी झालेलं असतं. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही त्याची नावं. आपण सगळ्याला सरसकट 'गवत' म्हणतो, मेंढपाळ मात्र प्रत्येकाला वेगळं ओळखतो. कुसळीतून चालून आलात की पायजम्याला कुसळं चिकटतात. त्यातलं एक काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. त्याची काळी, पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरू लागते. सुकली की पुन्हा पीळ घेते. पावसाच्या पहिल्या ओलीत हेच जमिनीवर घडतं आणि टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, अशी म्हण आपण रोज वापरतो. ते कुसळ स्वतः असं फिरताना किती जणांनी पाहिलं असेल?

हेच कुसळ वणव्याचा हिशोबही सांगतं. जाळलं की गवत जोमानं येतं, या समजुतीने फाल्गुन-चैत्रात माळ पेटवले जातात. मातीत रुतलेलं कुसळीचं बी आगीतून वाचतं आणि वारंवार जाळलेल्या माळावर कुसळीच वरचढ होत जाते. गुरांना आवडणारी मऊ गवतं मागे पडतात. कुसळं पिकली की मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग चाराच बिघडवते.

आणि त्या आगीत जळतात ती अंडी. माळटिटवी नेमकी या कोरड्या दिवसांत घर करते. घर म्हणजे काय, जमिनीत जराशी खळगी आणि भोवती चार खडे. त्यात मातकट रंगाची, काळपट डागांची बहुधा चार अंडी. तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर असली तरी दिसत नाहीत. 1960च्या दशकात सु. दि. जयकर आणि हेलन स्परवे यांनी या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला आणि कोरड्या ऋतूत वीण करणारा पक्षी म्हणूनच त्याची ओळख करून दिली. तापलेल्या जमिनीवर अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणं अवघड. त्यासाठी टिटव्या पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, हा आडाखा गावोगाव ऐकू येतो. तो खरा ठरतो की नाही हा वेगळा प्रश्न. पण तो बांधणाऱ्या माणसांनी वैशाखात माळावर जाऊन टिटवीची अंडी मोजली होती, हे मला मोलाचं वाटतं.

डोंबारी चंडोलही इथलाच. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा उसळतो. ज्याने त्याला डोंबारी म्हटलं त्याने तो नीट पाहिला होता. दुसरा एक तुरेवाला चंडोल इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या सुरेख नकला करतो. कर्नल विल्यम हेन्री साईक्स मुंबई सरकारच्या आकडेवारीच्या कामावर दख्खनभर हिंडले आणि 1832 साली त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. त्यात या चंडोलाला त्यांनी 'देवा' असं नाव दिलं. शास्त्रीय नावात ते आजही टिकून आहे.

चाळकेवाडी, सडावाघापूरच्या पवनचक्क्यांच्या सड्यांवर उन्हाळ्यात आणखी एक जीव भेटतो. दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करणारा सरडा. विणीचा हंगाम हाच, म्हणून हा थाट. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या गटाला नवी प्रजाती म्हणून मान्यता दिली आणि तिचं शास्त्रीय नाव ठेवलं 'सरडा'. आपला मराठी शब्द जगाच्या नोंदीत गेला आणि त्यातली 'सरडा सुपर्बा' ही जात चाळकेवाडीवरून वर्णिली गेली. पुढे 2018 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि सरडे जास्त, असं त्यांना आढळलं. तिथले सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते आणि नरांचे रंगही फिके होते. आकाशातला एक पक्षी कमी झाला की खालच्या सरड्याचा रंग बदलतो, इतकी ही वीण घट्ट आहे.

मग वळीव पडतो. वाळवीचे पंखवाले किडे वारुळातून बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग, मृगाच्या सुमाराला, लाल मखमलीचा मृगाचा किडा. त्याला आठ पाय असतात. कीटकांपेक्षा तो कोळ्यांच्या जवळचा. लहानपणी काडेपेटीत धरून ठेवलेल्या या जिवाचं आवडतं खाणं म्हणजे तीच वाळवी. वर्षातले मोजके दिवस तो दिसतो, बाकीचा काळ मातीखाली असतो.

सरकारी 'वेस्टलँड अॅटलास'मध्ये झुडपी माळ आणि उतरती कळा लागलेली कुरणं पडीक जमिनीत मोजली जातात. पडीक म्हटलं की नांगर, खाणी आणि चांगल्या हेतूने केलेली झाडांची लागवडही त्या जमिनीवर चालून येते. माळढोक पक्षी कसा दिसेनासा होत गेला ते सोलापूरच्या नान्नजच्या माळावर आपण पाहिलं आहे. जिथे गवत हेच वैभव आहे, तिथे खड्डे खणून झाडं लावणं हे उपकार नव्हेत, असं माझं स्पष्ट मत आहे. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावावीत. माळ माळच राहू द्यावा.

येत्या वैशाखात एकदा जा. सकाळी नऊच्या आत परत फिरा, पाणी बरोबर ठेवा, पायवाट सोडू नका. आणि टिटवीने डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला सुरुवात केली, तर तिची अंडी शोधू नका. आल्या वाटेने मागे फिरा. तुम्ही उन्हात उभे राहिलात तेवढा वेळ तिची अंडी सावलीवाचून तापत असतात.