पत गावाची, वर्ष धानाचे
रायपूरच्या सहकारी पतव्यवस्थेचा परिचय

पौष पौर्णिमेला छत्तीसगडच्या खेड्यांतून ‘छेरछेरा’ हा सण साजरा होतो. धानाची मळणी आटोपलेली असते, घरोघरची कोठारे भरलेली असतात. मुलांचे आणि मोठ्यांचे घोळके दारोदार जाऊन धान मागतात आणि कोणतेही घर त्यांना विन्मुख पाठवीत नाही. काही गावांत हे जमलेले धान ‘रामकोठी’त, म्हणजे गावाच्या सामाईक कोठारात, ठेवण्याची जुनी प्रथा आहे. पुढे ऐन पावसाळ्यात ज्याच्या घरातील दाणा संपेल, त्याने रामकोठीतून धान न्यावे आणि सुगीनंतर थोड्या वाढीसह परत आणून घालावे, असा संकेत. या व्यवहाराला ना तारण लागते, ना मुद्रांक. नेणारा कोण, त्याचे शेत किती, त्याचा शब्द कसा, हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

बँकिंगमध्ये आपण ज्याला ‘पत’ म्हणतो, तिचे हे मूळ रूप होय. पत म्हणजे माणसाविषयीची माहिती आणि त्याच्या शब्दावरचा विश्वास. रामकोठीला मात्र एक मर्यादा असते. गावात जेवढे धान, तेवढेच तिचे भांडवल. सारे गावच दुष्काळात सापडले, तर कोठीही रिकामी. गावाचा हा परस्परविश्वास कायम ठेवून त्याला बाहेरच्या भांडवलाची जोड कशी द्यावी, हाच सहकारी पतपुरवठ्यापुढचा मूळ प्रश्न होता. रायपूरमध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढाकार घेतला तो वामनराव लाखे या मराठी गृहस्थांनी.

वामनराव लाखे आणि १९१३ सालची बँक

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि अनेक मराठी कुटुंबे रायपूर, बिलासपूर, रतनपूर या भागांत स्थायिक झाली. त्यांनी घरी मराठी जपली आणि सार्वजनिक जीवनात तेथील लोकांची भाषा आपली मानली. १७ सप्टेंबर १८७२ रोजी जन्मलेले वामनराव हे याच परंपरेतले. १९०० साली पंडित माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, तेव्हा प्रकाशनाचा भार वामनरावांनी उचलला. पुढे त्यांनी नागपूरहून वकिलीची परीक्षा दिली आणि रायपूरला येऊन व्यवसाय आरंभिला.

कर्जापायी जमिनी हातच्या जाणे, हे त्या काळी देशभरच्या कुळवाड्याचे दुखणे होते. महाराष्ट्रात १८७५ साली सुपे येथून उसळलेला दख्खनचा दंगा त्यातूनच उद्भवला होता. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला खरा. पण पेरणीच्या वेळी रोकड कोठून आणावी, या प्रश्नाला कायद्याच्या कलमांत उत्तर नव्हते. सावकाराचा व्याजदर जाचक असला, तरी तो गावातच राहत होता, अवेळीही दार उघडत होता आणि कागदपत्रांसाठी हेलपाटे घालायला लावत नव्हता. शहरातील पेढीला यांतले काहीच जमण्यासारखे नव्हते.

जर्मनीत फ्रेडरिक रायफायझन यांनी १८६४ साली हेडेसडोर्फ येथे याच अडचणीवर उपाय योजला होता. एका गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढावी, सर्वांच्या सामाईक जबाबदारीवर पैसा उभारावा आणि आपल्यातल्याच गरजूला द्यावा. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, म्हणून कर्ज योग्य हाती जाते. आणि बुडाले तर सर्वांना झळ लागते, म्हणून वसुलीकडे सर्वांचे लक्ष राहते. आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नव्हती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ सालीच ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली होती. १९०४ सालच्या सहकारी पतसंस्था कायद्याने अशा संस्थांना कायद्याचे अधिष्ठान दिले आणि किमान दहा व्यक्तींना एकत्र येऊन संस्था नोंदविण्याची मुभा मिळाली.

त्या कायद्यात एक उणीव होती. प्राथमिक संस्थांनी एकत्र येऊन वरची संस्था काढावी, यासाठी त्यात तरतूद नव्हती. गावची संस्था गावच्याच ऐपतीवर अवलंबून राही, म्हणजे रामकोठीचीच मर्यादा पुन्हा आड येई. १९१२ सालच्या सहकारी संस्था कायद्याने ही उणीव दूर केली आणि मध्यवर्ती बँका व संघ यांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, वामनरावांनी रायपूर को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँकेची स्थापना केली. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी बँकेचे चिटणीसपद विनावेतन सांभाळले.

या बँकेने शहर आणि खेडे यांच्यामध्ये पूल बांधला. रायपूरचा वकील, शिक्षक, व्यापारी आपली शिल्लक ठेव म्हणून बँकेत ठेवी. बँक ती गावच्या संस्थेला कर्जाऊ देई आणि संस्था आपल्या सभासदाला. ठेवीदार आणि शेतकरी यांची कधी गाठ पडत नसे. तरीही एकाचा पैसा दुसऱ्याच्या बांधीत उगवत असे आणि सुगीनंतर परत येत असे.

वामनरावांना सरकारने ‘रायसाहेब’ हा किताब दिला होता. असहकाराच्या चळवळीत १९२० साली त्यांनी तो परत केला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी बहाल केली. पुढे सविनय कायदेभंगाच्या लढ्यात त्यांनी कारावासही भोगला. १९४५ साली, वयाची सत्तरी उलटल्यानंतर, त्यांनी बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भात गिरणी उभी केली. शेतकऱ्याला कर्ज मिळाले, पण पिकलेला माल पडेल त्या भावाने विकावा लागला, तर कर्ज फिटायचे कसे, हा विचार या गिरणीमागे दिसतो. २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

अक्तीपासून छेरछेऱ्यापर्यंत

आज जिल्हा सहकारी केंद्रीय बँक, रायपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँकेचे कार्यक्षेत्र रायपूर, बलौदाबाजार, गरियाबंद, महासमुंद आणि धमतरी या पाच जिल्ह्यांत आहे. तिच्या खाली गावोगावच्या सेवा सहकारी समित्या आणि वर राज्य सहकारी बँक, अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. १९८२ साली स्थापन झालेली नाबार्ड या रचनेला पुनर्वित्त पुरविते. महाराष्ट्रातील वाचकांना जिल्हा मध्यवर्ती बँक आणि विकास सोसायटी यांचे नाते परिचित आहे. येथेही ते तसेच आहे. फरक आहे तो पिकाचा. येथे संस्थेचे सारे वर्ष धानाभोवती फिरते.

अक्षय तृतीयेला छत्तीसगडात ‘अक्ती’ म्हणतात. शेतीचे नवे वर्ष या दिवशी सुरू होते, असे शेतकरी मानतो. याच सुमारास समितीत खरीप कर्जाची लगबग चालू होते. सभासदाची जमीन, पीक आणि मागील येणे पाहून मर्यादा ठरते. कर्जाचा एक भाग रोख मिळतो आणि दुसरा वस्तुरूपाने, म्हणजे बियाणे व खत या रूपाने. रोख रक्कम मजुरी आणि नांगरणीसाठी. वस्तुरूप भाग शेतातच जावा, म्हणून. वेळेवर फेडणाऱ्या सभासदाला छत्तीसगडात हे पीककर्ज बिनव्याजी पडते. व्याजाचा भार शासन उचलते.

तेथील पंचांगाप्रमाणे श्रावण अमावास्येला ‘हरेली’ येते. नांगर आणि अवजारे धुऊन त्यांची पूजा होते. त्या दिवसांत समितीच्या गोदामापुढे खतासाठी रांगा असतात. पाऊस पडून गेला आणि खत आठ दिवसांनी पोहोचले, तर त्या खताचा उपयोग उरत नाही. म्हणून समितीच्या कामाचे मोल रकमेइतकेच वेळेवरही ठरते.

नोव्हेंबरच्या मध्याला धानखरेदी सुरू होते आणि साधारणपणे जानेवारीअखेर चालते. समितीचे आवार आता बाजारासारखे गजबजते. शेतकरी आधी टोकन घेतो. त्यासाठी ‘टोकन तुंहर हाथ’ हे मोबाइल ॲपही आहे. धानातील ओलावा तपासला जातो. तो १७ टक्क्यांपेक्षा अधिक असला, तर माल स्वीकारत नाहीत. मग वजन, पोत्यांची शिलाई आणि संगणकावर नोंद. २०२४–२५ च्या हंगामात राज्यात सुमारे १४९ लाख टन धान अशा रीतीने समित्यांच्या केंद्रांवरून खरेदी झाले.

एका सभासदाचा हिशेब

ही यंत्रणा सभासदाच्या घरापर्यंत कशी पोहोचते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन आहे आणि त्याने समितीकडून ४०,००० रुपये पीककर्ज घेतले आहे. २०२४–२५ च्या हंगामात एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदीची मर्यादा होती. तेवढे पीक आले असे धरले, तर त्याने ४२ क्विंटल धान दिले. साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे ९६,६०० रुपये झाले. त्यातून कर्जाचे ४०,००० रुपये परस्पर वळते होऊन ५६,६०० रुपये त्याच्या खात्यात जमा होतात. राज्याने जाहीर केलेला ३,१०० रुपये भाव आणि आधारभूत भाव यांतील ८०० रुपयांचा फरक मागाहून एकरकमी मिळाला. तो ३३,६०० रुपये.

या हिशेबातील महत्त्वाची पायरी परस्पर वळती होण्याची. कर्जवसुली आणि धानखरेदी एकाच ठिकाणी असल्याने सभासदाला फेडीसाठी वेगळी तजवीज करावी लागत नाही आणि संस्थेला तगादा लावावा लागत नाही. बलौदाबाजारच्या गिरणीमागे जो विचार होता, त्याचेच हे विस्तारलेले रूप म्हणता येईल. वसूल झालेली रक्कम मध्यवर्ती बँकेकडे जाते आणि पुढच्या अक्तीला पुन्हा कर्जरूपाने गावात येते. एका सभासदाची वेळेवरची फेड म्हणजे दुसऱ्या सभासदाचे पुढच्या वर्षीचे बियाणे.

समितीचे काम एवढ्यावर थांबत नाही. अनेक समित्या रास्त भावाचे धान्य दुकान चालवितात. काही ठिकाणी मायक्रो एटीएममुळे वृद्ध सभासदाला रक्कम काढण्यासाठी शहरातील शाखेत जावे लागत नाही. २०२२ साली केंद्र शासनाने देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. खातेवही संगणकावर आल्याने सभासदाला आपले येणे-देणे केव्हाही पाहता येणे शक्य होते, आणि पारदर्शकतेची सुरुवात तेथूनच होते.

जेथे दोरी काचते

या चित्राला दुसरी बाजूही आहे. खरेदी केलेल्या धानाची उचल वेळेवर झाली नाही, तर ते उघड्यावर राहून वाळते आणि वजन घटते. कागदावर जेवढे घेतले, तेवढे जागेवर भरत नाही. ही तूट समितीच्या माथी येत असल्याने वर्षभराच्या कमिशनवर पाणी पडू शकते. शिवाय, उत्पन्नाचा मोठा भाग एकाच पिकावर आणि शासनाच्या एकाच धोरणावर अवलंबून असणे, हेही संस्थेच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने जोखमीचेच.

याहून गंभीर प्रश्न सभासदत्वाचा आहे. व्याज शासन भरते, भाव शासन देते, वसुली यंत्रातून होते. मग ‘ही संस्था माझी आहे’ ही भावना कोठून यावी? ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. धनंजयराव गाडगीळ हे त्या समितीचे एक सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास आहे, असे त्या पाहणीत आढळले. अहवालाने सहकाराचे अपयश मोकळेपणे मान्य केले, आणि तरीही ग्रामीण भागाला दुसरा मार्ग नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर शासनाने भागभांडवल दिले आणि संस्था वाढल्या. मात्र अनेक ठिकाणी सभासद ग्राहक होऊन बसला.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ही सभासदाच्या मालकीची खूण असते. ताळेबंद समोर येतो, थकबाकीचे आकडे वाचले जातात, राखीव निधी आणि लाभांश यांवर निर्णय होतो. सभेत एकाने जरी उठून ‘गोदामातील तूट कशामुळे?’ असे विचारले, तरी त्या एका प्रश्नाने लेखापरीक्षणाला बळ मिळते. कितीही भाग घेतले, तरी प्रत्येकाला मत एकच. दोन एकरवाल्याचा आणि वीस एकरवाल्याचा आवाज येथे सारखाच. भांडवलाच्या प्रमाणात मत मोजणाऱ्या व्यवहारात हा हक्क दुर्मीळ आहे. पण तो वापरला नाही, तर असून नसल्यासारखाच.

संयुक्त राष्ट्रांनी २०१२ प्रमाणेच २०२५ हे वर्षही आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले होते. असे प्रसंग सहकाराची उजळणी करण्यास उपयुक्त असतात. परंतु त्याचे खरे वर्ष कॅलेंडरवर मोजले जात नाही. ते अक्तीच्या बियाण्यापासून सुरू होते, हरेलीच्या खतातून पुढे सरकते, खरेदीच्या काट्यावर तोलले जाते आणि छेरछेऱ्याला पुन्हा दारात येऊन उभे राहते.

वाचकहो, आपण ठेवीदार असा, कर्जदार असा वा बँकेच्या काउंटरमागे बसणारे कर्मचारी असा. आपण भरलेला प्रत्येक हप्ता आणि तपासलेली प्रत्येक नोंद कोणाच्या तरी पेरणीशी जोडलेली असते. रामकोठीतून धान नेणारा माणूस ते परत आणून घालीत असे, कारण पुढच्या पावसाळ्यात ते कोणत्या घरी लागणार, हे त्याला माहीत असे. आज कोठी मोठी झाली आहे आणि नेणारा-देणारा एकमेकांना दिसत नाहीत. ते दिसत नसतानाही ती जाणीव ठेवणे, यालाच सहकार म्हणायचे.