नंदुरबारच्या शास्त्रज्ञाने शोधलेलं ‘विष’ कॅन्सरच्या औषधात कसं आलं?

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. पुढे अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करताना १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. ते कॅन्सरच्या पेशी मारायचं, पण रुग्णालाही सोसवत नव्हतं. गंभीर दुष्परिणामांमुळे १९७०च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबल्या.

मग मार्ग काय निघाला? विष थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोहोचवायचं. ‘अँटीबॉडी-ड्रग कॉन्जुगेट’ औषधं हेच करतात. त्यांचे तीन भाग असतात: पेशी ओळखणारी अँटीबॉडी, तिला मारणारं विष म्हणजे पेलोड आणि दोघांना जोडणारा लिंकर.

‘ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन’मधला पेलोड कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातला आहे. एका अँटीबॉडीवर त्याचे साधारण ८ रेणू बसवतात. अँटीबॉडी पेशीवरच्या ‘हर-२’ प्रथिनाला चिकटते, पेशी तिला आत ओढते, लिंकर तुटतो आणि सुटलेलं विष पेशीचा डीएनए तोडतं.

अमेरिकेत या औषधाला डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. धोका मात्र संपलेला नाही. काही रुग्णांच्या फुप्फुसांना गंभीर सूज येते. म्हणूनच उपचारादरम्यान नवा खोकला किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना सांगायला हवं.