गाणं एकच, भाव दोन

बायांनो, पैठणच्या माणसानं पैठणलाच खरेदी करायची, गुलमंडीवर स्वस्त मिळालं तरी त्याला तिथं द्यायचं नाही, असा नियम कुणी केला तर?

ऑनलाइन गाण्यांच्या बाबतीत युरोपात असंच चाले. बँकेचं कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या आयट्यून्स दुकानातून गाणं मिळे. ब्रिटनमध्ये एका गाण्याला ७९ पेन्स पडत. फ्रान्स-जर्मनीत तेच गाणं स्वस्त. ग्राहक संघटनेनं तक्रार केली, युरोपीय आयोगानं चौकशी लावली. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीनं सहा महिन्यांत भाव सारखे करायचं कबूल केलं. कुंपण मात्र राहिलं, कारण गाण्यांचे हक्कच देशवार विकले जात होते.

आपल्याकडं २००२ चा स्पर्धा कायदा आहे. इलाखा वाटून देणारा प्रत्येक करार त्यात बेकायदा नाही. त्यानं बाजारातली स्पर्धा मारली जाते का, ते बघतात. याच कायद्याखाली २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं टी-सीरीजला २.८३ कोटींचा दंड ठोठावला. खाजगी रेडिओनं त्यांची गाणी वाजवोत न वाजवोत, किमान पैसे द्यायचेच, अशी अट होती. (हे रेडिओवरूनच सांगतेय, बघा!)

तुमच्या भजनी मंडळाची गाणी कुणी मागितली, तर सहीआधी विचारा: कुठं विकणार, किती वर्षं, आणि आम्हाला दुसरीकडं विकता येईल का?