विश्लेषण : माणसाची तापाची गोळी मांजरासाठी जीवघेणी का? घरातील कोणत्या वस्तू पाळीव प्राण्यांसाठी विषारी?

रात्रीची वेळ. मांजर दिवसभर कोपऱ्यात बसून आहे, खात नाही, हाताला अंग गरम लागते. दवाखाना बंद झालेला. ‘लहान मुलांनाही देतो, मग याला काय होणार?’ असे म्हणून घरातलीच पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली जाते. हेतू चांगला असला तरी ही अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. पाळीव प्राण्यांना होणाऱ्या विषबाधेचे मूळ अनेकदा घरातील औषधांच्या डब्यात, स्वयंपाकघरात किंवा फुलदाणीत असते.

पॅरासिटामॉल मांजराला का चालत नाही?

माणसाचे यकृत हे औषध एका विशिष्ट आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याजोगे करते. त्यासाठी लागणारे विकर मांजरात पुरेसे काम करत नाही. परिणामी औषधापासून विषारी घटक तयार होऊन ते रक्तातील तांबड्या पेशींवर हल्ला करतात आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हिरड्या करड्या-तपकिरी दिसू लागणे, चेहरा व पंजे सुजणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे.

मात्रेचे गणितही पाहण्यासारखे आहे. ६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम औषध पोटात जाते. चार किलोच्या मांजराला अर्धी गोळी दिली तर हेच प्रमाण ६२ मिलिग्रॅमवर जाते. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, मात्र तो वेळेत मिळावा लागतो. कुत्र्यांनाही हे औषध स्वतःहून देऊ नये. आयब्रुफेनसारख्या वेदनाशामकांमुळे कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

अंग गरम लागले म्हणजे ताप असतो का?

नाही. कुत्र्या-मांजराचे सामान्य तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे निरोगी प्राणीही आपल्या हाताला गरमच लागतो. कोरडे नाक हीदेखील तापाची खात्रीशीर खूण नव्हे. ताप थर्मामीटरनेच कळतो आणि त्यामागचे कारण पशुवैद्यकाने तपासल्यावरच.

स्वयंपाकघरातील कोणते पदार्थ धोक्याचे?

कांदा आणि लसूण तांबड्या पेशी फोडतात. ते शिजवले, वाळवले किंवा पूड केली तरी हा गुण जात नाही. मांजराला किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, अर्थात एका मध्यम कांद्याचा चतकोर भाग. रश्श्यातला भात किंवा मटणाचा मसालेदार रस्सा कालवून देण्याची सवय म्हणूनच सोडावी. लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने कारण लक्षातही येत नाही.

द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांमुळे कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर त्रास होईल, हे सांगता येत नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. त्यामुळे दिवाळीच्या फराळातील बेदाणे घातलेला लाडू किंवा चिवडा आणि एरवीची चिंचेची चटणी कुत्र्याच्या तोंडापासून लांबच बरी.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. पाच किलोच्या कुत्र्याला सुमारे ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट किंवा २० ग्रॅम डार्क चॉकलेटनेही उलट्या, अस्वस्थता सुरू होऊ शकते. मात्रा वाढली की हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. ‘शुगर फ्री’ च्युइंग गम, काही टूथपेस्ट व पीनट बटर यांत झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असू शकतो. वेष्टनावर तो ‘९६७’ या क्रमांकानेही नोंदवलेला असतो. तो पोटात जाताच कुत्र्याच्या रक्तातील साखर तासाभरात धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

आणखी कशापासून जपावे?

पुष्पगुच्छातील लिलीची फुले मांजरासाठी अत्यंत विषारी असतात. पाने, परागकण, इतकेच काय फुलदाणीतील पाणीही मूत्रपिंड निकामी करू शकते. मांजर असलेल्या घरात लिली नकोच.

गोचीड, पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे औषध मांजराला लावणे ही आणखी एक नेहमीची चूक. त्यात परमेथ्रिन असल्यास मांजराला थरथर, झटके येतात. उंदीर मारण्याच्या काही औषधांमुळे रक्त गोठणे थांबते, पण लक्षणे तीन ते पाच दिवसांनी दिसतात. ‘खाल्ले, पण काही झाले नाही’ म्हणून निश्चिंत राहणे इथे महागात पडते.

विषारी काही खाल्ल्यास काय करावे?

लगेच पशुवैद्यकाला फोन करावा, लक्षणांची वाट पाहू नये. काय खाल्ले, किती, केव्हा आणि प्राण्याचे वजन किती, या चार गोष्टी सांगाव्यात. गोळ्यांचे पाकीट किंवा वेष्टन सोबत न्यावे. अनेक विषांमध्ये पहिल्या दोनेक तासांत पशुवैद्यकाने उलटी करवली तर बराचसा धोका टळतो.

काय करू नये?

मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून प्राणी दगावू शकतो. फिनेल, रॉकेल, ॲसिड पोटात गेले असेल तर उलटीमुळे अन्ननलिका आणि फुप्फुसांना अधिक इजा होते. दूध पाजल्याने विष उतरते हाही गैरसमजच. प्राणी अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीही घालू नये.

तयारी म्हणून दोन गोष्टी आजच करता येतील. औषधांचा डबा बंद कपाटात ठेवणे आणि रात्री सुरू असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा क्रमांक फोनमध्ये जतन करणे. मुका जीव काय खाल्ले हे सांगू शकत नाही, ते लक्षात ठेवणे आपल्याच हाती असते.